जुनी कॉन्टेसा, नवं इंजिन: 'तीच गाडी' म्हणजे नेमकं काय?

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही गाड्यांवर कधीपासून बोलायला लागलात?" गाडी मला चालवता येते, दुरुस्त करता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी एक प्रश्न घेऊन घरी आला, आणि त्या प्रश्नापायी मी इथे स्वारगेटच्याच एका गल्लीतल्या गॅरेजात बऱ्याच दुपारी स्टुलावर बसून काढल्या. त्या दुपारींचा हा हिशोब आहे असं समजा.

प्रश्न असा होता. त्याच्या वडिलांची 1986 सालची कॉन्टेसा. वडील गेल्यावर आठ-नऊ वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. मुलाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. नुसती आणायची नव्हती, तर अपघातात मोडीत निघालेल्या एका परदेशी मोटारीचं सुमारे दोनशे अश्वशक्तीचं इंजिन तिच्यात बसवायचं होतं. आईचं म्हणणं, "मग ती यांची गाडी कशी राहील?" मुलाचं म्हणणं, "गाडी तीच राहणार आई, फक्त पळायला लागेल." दोघंही माझ्याकडे आली. वस्तूची एकता आणि तादात्म्य हा विषय मी वर्गात अनेक वर्षं शिकवला. पण उत्तरावर कुणाचे पैसे आणि कुणाची झोप अवलंबून आहे, अशी वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत ज्याला 'मसल कार' म्हणतात तो प्रकार साधारण 1964 च्या पाँटिअॅक जीटीओपासून रूढ झाला. मध्यम आकाराच्या, सामान्य माणसाच्या गाडीत मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन घालायचं, एवढीच मूळ कल्पना. म्हणजे हा प्रकार जन्मालाच इंजिन बदलण्यातून आला. आज तिकडे अशा जुन्या गाड्या बाहेरून जशाच्या तशा ठेवतात आणि आतून इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स सगळं नवं घालतात. जीर्णोद्धार आणि फेरफार या दोन शब्दांची इंग्रजीत संधी करून त्याला 'रेस्टोमॉड' असं नाव पडलंय.

आपल्याकडे 'देशी मसल कार' म्हणून हौशी मंडळी जिचं नाव घेतात ती कॉन्टेसा. लांब नाक, रुंद बसकण, मागच्या चाकांना ताकद. हिंदुस्थान मोटर्सनं ती 1984 साली बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यातून बाहेर आणली. तिचा देह मात्र व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीचा, 1970 च्या दशकातला. आणि सुरुवातीचं इंजिन? अॅम्बेसेडरचं! 1489 सीसी, पन्नासच्या आसपास अश्वशक्ती. पैलवानाच्या अंगात कारकुनाचं हृदय म्हणा ना. पुढे कंपनीनंच ते काढून 1817 सीसीचं जपानी इसुझू इंजिन आणि पाच गिअरची पेटी घातली, तेव्हा ताकद दीडपटीहून जास्त झाली.

आता गंमत बघा. आई ज्या 'मूळ' गाडीबद्दल बोलत होती, त्या मूळ गाडीतच इंग्लंडचा देह, त्यात दुसऱ्याच गाडीचं इंजिन आणि बंगाली कामगारांचे हात होते. शुद्ध मूळ असं काही शोधायला गेलात तर हाती लागत नाही. मुलगा हे लगेच माझ्यावर उलटवायला लागला: "सर, कंपनीनं इंजिन बदललं तर ती कॉन्टेसा क्लासिक, आणि मी बदललं तर घोटाळा?" मुद्दा बिनतोड होता. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोथ्यांकडे वळलो. ग्रीकांचं थीसिअसचं जहाज तुम्हाला माहीत आहे: एकेक फळी बदलत गेली, शेवटी एकही जुनी उरली नाही, तर जहाज तेच का? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन भिक्खू मिलिंद राजाला त्याच्याच रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? सगळे भाग मिळून रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. नागसेनाचा निष्कर्ष असा की 'रथ' हे भागांच्या आधारानं चालणारं व्यवहारातलं नाव आहे, त्यापलीकडे रथ नावाची वेगळी चीज नाही. नैयायिकांना हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी ही अवयवांहून वेगळी, खरीखुरी वस्तू आहे. पण त्याची किंमतही ते चोख मोजतात: कापडातला एक धागा काढलात की जुनं कापड नष्ट झालं आणि नवं 'खंडपट' जन्माला आलं. मग आपण 'हे तेच कापड' कसं म्हणतो? सारखेपणामुळे, दिव्याच्या ज्योतीला आपण 'तीच ज्योत' म्हणतो तसं.

मी हे सगळं गॅरेजमध्ये मिस्त्रींना सांगितलं. ते स्पॅनर पुसत म्हणाले, "सर, इंजिन बसतंय. पण एकाला हात लावला की चौघं ओरडतात." हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. ते चौघं कोण, ते नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळा विषय तिथे आहे.

स्वारगेटहून सातारा रस्त्यानं कात्रजचा जुना घाट चढायला लागा. पूर्वी उन्हाळ्यात घाटात बॉनेट उघडून, पाण्याचा कॅन घेऊन उभे असलेले लोक दिसायचे. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलचा थोडाच भाग चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. चौपट ताकदीचं इंजिन पूर्ण जोर लावेल तेव्हा उष्णताही त्याच मानानं वाढणार, म्हणून रेडिएटर बदलायचा. मग ताकद मागच्या चाकांपर्यंत जाते ती क्लच, गिअरबॉक्स, लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या अॅक्सलमधल्या दातेरी चाकांतून. ही सगळी साखळी पन्नास घोड्यांच्या हिशोबानं केलेली. दोनशे लावलेत तर जी कडी सर्वांत कच्ची ती आधी तुटणार. नव्या इंजिनाला स्वतःचा संगणक लागतो, त्याला सेन्सर, त्यांना जास्त दाबाचा पेट्रोल पंप, म्हणजे टाकी आणि वायरिंग नवं.

आणि घाट उतरताना? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साठच्या वेगाऐवजी एकशेवीसनं गाडी येत असेल, तर थांबवायला दुप्पट नाही, चौपट ऊर्जा ब्रेकना गिळावी लागते, आणि ती सगळी उष्णता होते. ब्रेक फार तापले की लायनिंगची पकड कमी होते, ब्रेक-ऑइलला उकळी फुटली तर पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून गाडी जोरात पळवण्याच्या कामाची सुरुवात थांबवण्यापासून करावी लागते. हौशी लोक नेमकं उलटं करतात. इंजिनावर लाखो रुपये, आणि ब्रेकचं "नंतर बघू".

शेवटचा, सगळ्यात मोठा: देह. इथे स्थानकावर उभी असलेली एसटी बघा. महामंडळाच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत जुन्या चासीवर नवा सांगाडा चढवून बस पुन्हा रस्त्यावर येते. चासी तीच, अंग नवं, आणि बस कागदोपत्री तीच. कॉन्टेसाचं तसं करता येत नाही. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा गंजला की सांगाडाच गंजला. त्या दुबळ्या पत्र्यावर चौपट पीळ टाकायचा म्हणजे जागोजागी कापून, जोडून, पट्ट्या मारून तो मजबूत करायचा.

बेरीज करा. इंजिन बदलायचं म्हणून निघालो आणि रेडिएटर, गिअरबॉक्स, अॅक्सल, ब्रेक, टाकी, वायरिंग, पत्रा, सगळं बदललं. नागसेनाच्या यादीत रथाचे भाग एकेकटे उभे आहेत. गॅरेजमध्ये मात्र प्रत्येक भाग दुसऱ्याच्या मापानं घडवलेला दिसतो. म्हणून आज मी म्हणेन की गाडीचं गाडीपण या परस्परांच्या मापात आहे. कंपनीनं इंजिन बदललं तेव्हा गिअरबॉक्सही बदलला, चाचण्या केल्या आणि चुकलं तर जबाबदारी तिची होती. मुलाच्या त्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. थोडं उशिरा सुचलं.

कायदाही साधारण याच दिशेनं जातो, त्याची कारणं निराळी असली तरी. नोंदणीपुस्तकात चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक दोन्ही असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडक शब्दांत पुन्हा सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी हवी. ती न घेता बदललंत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरचा जखमी माणूस तुमच्या दारात उभा राहतो. त्याला तुमच्या वडिलांच्या आठवणीशी काही देणंघेणं नसतं.

आणखी एक गोष्ट मुलाला माहीत नव्हती. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. अट एकच: देह आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्याची कॉन्टेसा 2036 साली पन्नाशीची होईल. आज इंजिन बदललं तर तो दरवाजा कायमचा बंद.

या सगळ्यात एक दिवस मिस्त्रींनी सहज सांगितलं की जुन्या इंजिनाला गिऱ्हाईक आहे, एका अॅम्बेसेडरवाल्याला हवंय. मला एकदम हॉब्ज आठवला. त्यानं 1655 साली थीसिअसच्या जहाजात भर घातली होती: काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? मी आईला विचारलं, "वहिनी, यांचं इंजिन त्या अॅम्बेसेडरमध्ये गेलं तर?" त्या म्हणाल्या, "मग मी त्या गाडीच्या आवाजाला खिडकीत जाईन." मुलगा गप्प झाला. मीही झालो.

मी सल्ला दिला तो असा. जे उद्या काढून मूळचं पुन्हा बसवता येईल, ते खुशाल नवं घाला. जे कापावं लागेल, ते करू नका. जुन्या वास्तूंच्या जतनात परत फिरता येण्याची ही कसोटी चांगली रुळलेली आहे. आपल्या गावोगावच्या दगडी देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासतात, ते बघून माझा जीव तुटतो, म्हणून मला ती विशेष प्रिय. शेवटी त्यांनी जुनंच इंजिन बोअर करून घेतलं, मोठ्या मापाचे पिस्टन घातले. प्लॅटिनम पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडियल टायर, ब्रेकच्या नळ्या आणि सिलिंडर पूर्ण नवे, तीन टोकांचे सीटबेल्ट, आणि रेडिएटरपुढे जादा विजेचा पंखा. काढलेला प्रत्येक भाग खोक्यात चिठ्ठी लावून ठेवलाय.

आता समोरून प्रश्न आलाय की विजेवर केली असती तर? प्रश्न चांगला आहे. मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलायची कायद्यात सोय आहे, त्यामुळे कागदांच्या बाजूनं ते दोनशे अश्वशक्तीपेक्षा सोपं. बॅटरीचं वजन हा नवा हिशोब. आणि आवाज जातो. आपल्या आकुर्डीच्या चेतकचं बघा, पेट्रोलची बंद झाली, 2020 मध्ये विजेची आली. दोघींत एक बोल्ट सामाईक नसेल, तरी नाव चेतक. कंपनीला नाव पुरलं. वहिनींना पुरलं नसतं.

दुसरा प्रश्न: गाडी चालते का? चालते. पहिल्या दिवशी आम्ही तिघं आणि मिस्त्री कात्रजला निघालो. जुन्या बोगद्याच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेट उघडून उभे राहिलो, अगदी पूर्वीसारखे. दहा मिनिटांनी मिस्त्रींना सापडलं: नव्या पंख्याच्या दोन तारा उलट्या जोडल्या होत्या, तो वारा आत घेण्याऐवजी बाहेर फेकत होता. तारा बदलल्या, गाडी घाट चढली.