विजयोत्सवातील गर्दी

शालान्त परीक्षा आटोपली की आमचे कित्येक विद्यार्थी महाविद्यालयीन शिक्षणासाठी पणजी, बेळगाव, पुणे वा बंगळूर येथे जातात. तेथे क्रिकेटचा एखादा मोठा सामना जिंकला की वसतिगृहेच्या वसतिगृहे रस्त्यावर लोटतात. या आनंदास आमचा मुळीच आक्षेप नाही. आपल्या संघाच्या विजयाने ज्याला नाचावेसे वाटत नाही, अशा तरुणाची आम्हांस उलट काळजीच वाटेल. परंतु गर्दीचेही काही एक शास्त्र आहे, व ते ठाऊक असणे जिवाच्या मोलाचे आहे.

३ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे बंगळूरच्या संघाने आयपीएल स्पर्धा प्रथमच जिंकली. दुसऱ्याच दिवशी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर सत्कार ठरला. मैदानाची क्षमता सुमारे ३५ हजार. लोटलेला जनसमुदाय मात्र दोन लाखांहून अधिक असल्याचे सरकारने सांगितले. प्रवेश मुक्त आहे की पासावर, याविषयी गोंधळ होता. दरवाजांपाशी झालेल्या रेटारेटीत ११ जण दगावले. त्यांतील बहुतेक ऐन तारुण्यातले होते. व्यवस्था पाहणाऱ्यांना याचा जाब विचारलाच पाहिजे. पण जाब पुढे विचारला जातो. श्वास त्या क्षणीच हवा असतो.

‘चेंगराचेंगरी’ या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. माणसे पायांखाली तुडवली जाऊन मरतात, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पुष्कळ जण उभ्या उभ्याच गुदमरतात. श्वास घेताना छातीचा पिंजरा फुगावा लागतो. चहूंकडून दाब आला की तो फुगत नाही, आणि तोंडासमोर मोकळी हवा असूनही ती आत जात नाही. एका चौरस मीटरात तीन-चार माणसे असेतोवर पाऊल आपल्या इच्छेने उचलता येते. तीच सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. मागचा हलकासा धक्का लाटेप्रमाणे वाढत पुढे जातो व दरवाजाशी किंवा भिंतीशी असलेल्यावर साऱ्यांचा भार पडतो. मागच्याला यातले काहीच दिसत नाही. तो आपला हौसेने “चला, चला” म्हणत रेटत असतो. स्वभावाने बिचारा सज्जनही असेल.

म्हणून चहूंबाजूंनी अंगाला अंग लागू लागताच तेथून निघावे. लोंढ्याविरुद्ध झुंजू नये. तिरके तिरके कडेला सरकावे. दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी. चप्पल निसटली तर तिच्यासाठी वाकू नये. ४ जुलै २०२४ रोजी मुंबईत मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्या संघाची मिरवणूक निघाली, तेव्हा मागे पादत्राणांचा खच पडला होता. त्याच अफाट गर्दीने मात्र एका रुग्णवाहिकेस वाट करून दिली, हेही सांगितले पाहिजे.

एका दुचाकीवर तिघांनी बसून भोंगे वाजवीत हिंडण्याविषयी आम्ही लिहीत नाही. ते चूक आहे हे करणाऱ्यांनाही ठाऊक असते.

मित्रमंडळींसह जायचेच असेल, तर चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ती जागा घरूनच ठरवून निघावे. लाखोंच्या गर्दीत मोबाइल पुष्कळदा लागत नाही.