वाहनातील पाळीव प्राण्यांचे केस काढणे

वाहनातील पाळीव प्राण्यांचे केस काढणे म्हणजे मोटारगाडीची आसने, पायाखालील गालिचे, दारांचे अस्तर व सामानाची जागा यांत अडकलेले कुत्रा, मांजर, शेळी इत्यादी प्राण्यांचे केस आधी सैल करणे आणि नंतर गोळा करणे होय. केसांसोबत त्वचेचा कोंडा, वाळलेली लाळ आणि काही वेळा गोचिडीही वाहनात येतात. त्यामुळे ही स्वच्छता केवळ शोभेची बाब नसून प्रवाशांच्या व प्राण्यांच्या आरोग्याशी निगडित आहे. दिसणारे केस निघाले म्हणजे वाहन स्वच्छ झाले, असे मात्र नव्हे.

केस अडकण्याची कारणे

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. वाहनाच्या हादऱ्यांमुळे व बसणाऱ्यांच्या घर्षणामुळे केस एकाच दिशेने पुढे सरकत कापडाच्या विणीत रुततो. खवल्यांमुळे तो उलट दिशेने सहजी बाहेर येत नाही. लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्यांचे आखूड व ताठ केस कापडात टोचल्यासारखे बसतात, तर पॉमेरेनियन किंवा पश्मी कुत्र्यांचे लांब व मऊ केस धाग्यांत गुंततात. महाराष्ट्रात पाळल्या जाणाऱ्या कारवानी कुत्र्याचे केस आखूड असून ते तुलनेने कमी दिसतात. तथापि त्याचाही कोंडा पडतोच.

दुसरे कारण स्थिर विद्युत हे आहे. कृत्रिम धाग्यांच्या आसनांवर घर्षणाने विद्युतभार साठतो व हलके केस त्याकडे ओढले जातात. हवेत ओलावा असल्यास हा भार लवकर निघून जातो. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात केस अधिक घट्ट चिकटतात.

आरोग्याशी संबंध

पाळीव प्राण्यांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचे मूळ केस हे नसून प्राण्याची लाळ, कोंडा व त्वचेतील ग्रंथींचे स्राव यांमधील प्रथिने हे असते. मांजराच्या बाबतीत 'फेल डी १' व कुत्र्याच्या बाबतीत 'कॅन एफ १' ही प्रमुख प्रथिने आहेत. केस हे त्यांचे वाहक ठरतात. मांजराचे प्रथिन अतिशय सूक्ष्म कणांवर बसून बराच वेळ हवेत तरंगते, कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या जागीही पोहोचते आणि मांजर घरातून गेल्यावरही काही महिने टिकून राहते. जुनी गाडी विकत घेतल्यावर एकही केस न दिसता कुटुंबातील एखाद्याला शिंका येऊ लागण्यामागे हे एक कारण असू शकते.

वाहनाची आतील जागा लहान असते. काचा बंद करून आतलीच हवा फिरवत ठेवल्यास कणांचे प्रमाण वाढते. दम्याच्या रुग्णांना, विशेषतः मुलांना, याचा त्रास होऊ शकतो.

कुत्र्यावरील तपकिरी गोचीड हा दुसरा धोका आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि भेगांत व फटींत काही हजार अंडी घालते. आसनाची शिवण व पट्ट्याची खाच या जागा तिला सोयीच्या असतात. प्रौढ गोचीड काही महिने उपाशी राहू शकते. तिच्यामार्फत कुत्र्यांना एर्लिकिओसिस हा रक्ताचा आजार होतो.

काढण्याची पद्धत

केवळ निर्वात झाडणी यंत्र (व्हॅक्युम क्लीनर) फिरवल्याने मोकळे केस निघतात, रुतलेले निघत नाहीत. म्हणून पुढील क्रम पाळणे हितावह ठरते.

१. सर्व दारे उघडून पायपुसणी व आच्छादने बाहेर काढावीत. ती दूर नेऊन झटकावीत.
२. कापडी आसनांवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा. कापड दमट व्हावे, ओले होऊ नये.
३. रबरी हातमोजा घालून किंवा काच पुसायचे रबरी पाते घेऊन एकाच दिशेने ओढावे. रबराच्या पकडीमुळे केस वर येतात व त्यांच्या वळकट्या होतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही यासाठी चालतो.
४. वळकट्या हाताने उचलाव्यात. उरलेले केस रुंद चिकटपट्टीने टिपावेत.
५. कापड वाळल्यावर वरून खाली या क्रमाने यंत्र फिरवावे. शिवणी व फटींसाठी अरुंद तोंडाची नळी वापरावी.
६. शेवटी प्लॅस्टिकचे भाग व काचा ओलसर फडक्याने पुसून गाडी उघडी ठेवावी.

रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या आसनांवर केस रुतत नाहीत. तेथे ओलसर फडके पुरते. जाड गालिच्यातील केसांसाठी वजरीसारखा खरखरीत दगड हलक्या हाताने फिरवतात, परंतु मऊ कापडावर त्याने धागे तुटतात. साध्या यंत्रातून सूक्ष्म कण मागील बाजूने पुन्हा हवेत येतात. हेपा गाळणी असलेले यंत्र ते बऱ्याच अंशी अडवते. ॲलर्जी वा दमा असलेल्या व्यक्तीने हे काम स्वतः करू नये. इतरांनीही नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

विदर्भातील परिस्थिती

वाशिम जिल्ह्यातील मानोरा हे तालुक्याचे ठिकाण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. मात्र स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था अकोल्यातच आहे. तालुक्याच्या दवाखान्यात होण्यासारखे नसलेल्या उपचारांसाठी कुत्रा, मांजर किंवा शेळीचे करडू घेऊन लांबचा प्रवास करावा लागतो आणि तो बहुधा कुटुंबाच्याच गाडीतून होतो. आजारी प्राण्याचे केस अधिक गळू शकतात व त्याच्या अंगावर गोचिडीही असू शकतात. त्याच आसनावर दुसऱ्या दिवशी मुले बसतात, म्हणून अशा प्रवासानंतरची स्वच्छता टाळू नये.

येथील काळ्या मातीची बारीक धूळ केसांत मिसळून गालिच्यात घट्ट थर बनवते. ती कोरडी असतानाच काढावी. भिजल्यास चिखल होऊन डाग पडतो. उन्हाळ्यात हलका फवारा उपयोगी ठरतो. पावसाळ्यात उलट, आसने दमट राहिल्यास बुरशी धरते, म्हणून त्या काळात कोरडी पद्धत बरी. जवळ झाडणी यंत्र नसल्यास अनेक जण गाडी धुण्याच्या केंद्रावर दाबाच्या हवेने फटी साफ करून घेतात. यामुळे केस निघतात, पण कोंडा सर्वत्र उडतो. म्हणून दारे उघडी ठेवून आणि आत कोणीही नसताना हे करावे व नंतर सर्व पृष्ठभाग पुसावेत.

टाळावयाच्या गोष्टी

वास घालवण्यासाठी फिनेल शिंपडणे किंवा आसनाखाली डांबरगोळ्या ठेवणे प्राण्यांसाठी घातक ठरू शकते. फिनॉल वर्गातील रसायने मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि डांबरगोळ्यांची वाफ बंद गाडीत साचते. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशके मांजरांना विषारी असतात. गोचीड बोटांनी चिरडू नये. आसनांखाली सुरक्षा-पिशव्यांच्या (एअरबॅग) तारा व जोडण्या असतात, त्यामुळे तेथे पाणी ओतू नये.

प्रतिबंध

प्रवासापूर्वी प्राण्याला गाडीबाहेर फणी केल्यास गळणारे बरेचसे केस तेथेच निघतात. दुहेरी केसाळ आवरणाच्या कुत्र्यांचे केस ऋतुबदलाच्या वेळी विशेष गळतात, तेव्हा रोज फणी करावी. आसनावर जाड चादर किंवा गोधडी अंथरावी व परतल्यावर ती गरम पाण्यात धुवावी. प्रवासात बाहेरची हवा आत येऊ द्यावी आणि वातानुकूलन यंत्रणेची गाळणी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. गोचिडी आढळल्यास वाहनाची स्वच्छता व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राण्याचा उपचार एकाच वेळी करावा. दोहोंपैकी एकच केल्यास गोचिडी पुन्हा होतात.

हे सुद्धा पहा

दमा
गोचीड
कारवानी कुत्रा
वाशिम जिल्हा