धर्मार्थ शस्त्रक्रियेचा खरा हिशेब

डहाणू तालुक्यांत चिंचणी व वाढवण यांच्या शेजारीं, समुद्रकाठीं, वरोर नांवाचें गांव आहे. मासेमारी, बागायत आणि दागिने घडविण्याचे साचे कोरण्याचा धंदा, ज्यास त्या बाजूस ‘डायमेकिंग’ म्हणतात, यांवर या किनाऱ्यावरील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तुटलेलें जाळें सांधणें काय, किंवा साच्यावर बारीक नक्षी कोरणें काय, दोन्ही कामें डोळ्यांच्या भरवशावर होतात. अशा माणसास मोतीबिंदु झाला, कीं त्याच्या दृष्टीबरोबर त्याची मिळकतही मंदावते. एखाद्या डॉक्टरानें एक पैसाही न घेतां शस्त्रक्रिया करून देण्याचें कबूल केलें, म्हणजे त्याची अडचण दूर झाली, असें शहरांतील सुशिक्षित माणसास सहज वाटतें. परंतु हा हिशेब अपुरा आहे.

डहाणू रोड स्थानकापासून मुंबईचें चर्चगेट सुमारें १२४ किलोमीटर दूर आहे. मोठ्या इस्पितळांत जावयाचें, तर रोग्याबरोबर घरचें एक माणूस निघतें. दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडें पडतें, उतरण्याची सोय पाहावी लागते आणि पुढील तपासणीसाठीं तीच यातायात पुन्हां करावी लागते. डॉक्टरांची फी ही या साखळीची केवळ एक कडी होय. म्हणून गरिबाला शस्त्रक्रिया खऱ्या अर्थानें विनामूल्य मिळावयाची, तर शस्त्रवैद्याच्या कौशल्याबरोबर आणखी तीन गोष्टी लागतात : रोग्याची आधीं नीट निवड, जवळपास निर्जंतुक जागा, आणि नंतरची देखरेख.

मोतीबिंदु म्हणजे डोळ्यांतील पारदर्शक भिंग गढूळ होणें. तें कोणत्याही औषधाच्या थेंबांनीं पुन्हां निवळत नाहीं. शस्त्रवैद्य लहानसा छेद घेऊन गढूळ भिंग काढतो आणि त्या जागीं कृत्रिम भिंग बसवितो. असें भिंग मनुष्याच्या डोळ्यांत बसविण्याचा पहिला प्रयोग लंडनचे डॉक्टर हॅरोल्ड रिडली यांनीं १९४९ सालीं केला. आतां बहुधा डोळा तेवढा बधिर केला म्हणजे पुरतें, आणि काम पुष्कळदां अर्ध्या तासाच्या आंत उरकतें.

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रियाही अशीच फलदायी आहे. गर्भाच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारास चेहऱ्याचे भाग एकमेकांस जुळतात. ती जुळणी अपुरी राहिली, कीं मूल फाटलेला ओठ घेऊन जन्मास येतें. आईनें ग्रहण पाळलें नाहीं म्हणून असें झालें, हा समज निराधार आहे. पण त्याचा बोल मात्र बिचाऱ्या आईला जन्मभर ऐकावा लागतो. मूल कांहीं महिन्यांचें होऊन त्याचें वजन व रक्त समाधानकारक असलें, म्हणजे ओठ शिवतां येतो. नुसती कातडी सांधून भागत नाहीं. आंतील स्नायूही जुळवावा लागतो, तेव्हां ओठ नीट हलतो.

या कार्यास ज्यांनीं आयुष्य वाहिलें, त्यांत पंढरपूर येथें १९३० सालीं जन्मलेले डॉक्टर शरदकुमार दीक्षित यांचें नांव आदरानें घेतलें जातें. अमेरिकेंत प्लॅस्टिक सर्जन म्हणून स्थायिक झाल्यावर १९६८ सालीं त्यांनीं भारतांतील गरिबांसाठीं मोफत शस्त्रक्रियांचें काम हातीं घेतलें. १९७८ सालीं मोटार-अपघातानें त्यांच्या शरीराचा कांहीं भाग लुळा पडला. पुढें कर्करोगामुळें स्वरयंत्र गमवावें लागलें. तरीही चाकांच्या खुर्चींत बसून ते येथील शिबिरांना येत राहिले. २००१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ सालीं त्यांचें निधन झालें. तथापि केवळ त्यांच्या हाताच्या कसबानें हें काम झालें नसतें. खेड्यापाड्यांतून मुलें शोधून आणणारे, भूल देणारे, जखमा पाहणारे अनेक हात त्यांच्यामागें असावे लागतात.

रोग्याला इस्पितळापर्यंत येतां येत नसेल, तर इस्पितळानेंच रोग्याकडे जावें, ही कल्पना मुंबईच्या ‘इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन’ या संस्थेनें भारतीय रेल्वेच्या साहाय्यानें प्रत्यक्षांत आणली. १६ जुलै १९९१ रोजीं निघालेली ‘लाइफलाइन एक्सप्रेस’ म्हणजे रुळांवरचें इस्पितळच होय. तिचा पहिला मुक्काम खलारी येथें झाला. तें गांव तेव्हां बिहारमध्यें होतें, आतां झारखंडांत आहे. आरंभीं तिला तीन डबे होते. २०१६ सालीं कर्करोगासाठीं दोन डबे जोडल्यावर ते सात झाले. डब्यांतच शस्त्रक्रियेचीं दालनें व निर्जंतुकीकरणाचीं साधनें आहेत. गाडी एका स्थानकावर कांहीं आठवडे उभी राहते. मोतीबिंदूचे, कानाचे, दुभंगलेल्या ओठाचे, पोलिओनें वांकडे झालेल्या पायांचे रोगी ठरलेल्या दिवसांत तपासले जातात. त्या त्या विषयाचे शस्त्रवैद्य शहरांतून थोड्या दिवसांसाठीं येतात, मोबदला न घेतां काम करतात आणि परत जातात.

ही परतण्याची वेळच नाजूक असते. शस्त्रवैद्य गेला तरी जखम रोग्याबरोबर राहते. टांक्यांत पू झाला, डोळा लाल होऊन ठणकूं लागला, तर दाखवावयाचें कोणाला? २०१४ च्या अखेरीस पंजाबांतील गुरदासपूर जिल्ह्यांत भरलेल्या एका मोतीबिंदु-शिबिरानंतर अनेकांनीं दृष्टि गमावली. फुकट मिळणाऱ्या वस्तूंत थोडें उणें असलें तर चालावयाचेंच, ही वृत्ति येथें घातक ठरते. म्हणून शिबीर भरवावें तें तपासणीसाठीं व निवडीसाठीं. शस्त्र चालवावें तें सर्व साधनांनीं युक्त अशा निर्जंतुक दालनांतच.

गडचिरोली जिल्ह्यांतील हेमलकसा येथील व्यवस्था या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे. बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं तेथें सुरू केलेल्या लोक बिरादरी प्रकल्पांत डॉक्टर प्रकाश व डॉक्टर मंदाकिनी आमटे यांनीं कायमचें राहून रुग्णसेवा केली. बाहेरगांवचे शस्त्रवैद्य तेथें शिबिरासाठीं येतात. पण रोग्याला आधींपासून ओळखणारें आणि नंतर त्याची पट्टी सोडणारें इस्पितळ जागेवरच असतें. पाहुण्या डॉक्टरांचें दान तेथें वायां जात नाहीं, याचें कारण हेंच.

वरोरसारख्या गांवीं ही व्यवस्था लावण्यास मोठे भांडवल लागत नाहीं. अंधुक दिसूं लागलेल्यांची यादी आशा स्वयंसेविका किंवा शाळेचे शिक्षक करूं शकतात. शस्त्रक्रियेची तारीख, डोळ्यांत थेंब टाकण्याच्या वेळा आणि तपासणीचा दिवस रोग्याला त्याच्या बोलींत समजावून सांगूं शकतात. शहरांतील ज्या कुटुंबांस अशा कार्यास देणगी द्यावीशी वाटते, त्यांनीं ती समारंभाच्या हारतुऱ्यांसाठीं न देतां सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीसाठीं आणि दुसऱ्या खेपेच्या गाडीभाड्यासाठीं द्यावी. ती रक्कम हातीं नसल्यामुळें फेरतपासणी चुकली, तर शस्त्रवैद्यानें दिलेला दिवस आणि रोग्याला मिळालेला डोळा, दोन्ही गमावण्याचा प्रसंग येतो.