वीज गेली तरी हिशेब राहतो कसा?

पावसाळ्यात आपल्या भोर-वेल्ह्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मग बचत गटात विचारणा होते, की कॉम्प्युटरची वीज गेली तर आपल्या हप्त्यांच्या नोंदी पुसल्या जातात का? आज हेच समजून घेऊ.

हार्ड डिस्कमध्ये एकदा लिहिलेली नोंद पुसली जात नाही, कारण ती चुंबकाने लिहिलेली असते. आत एक गुळगुळीत तबकडी असते. तिच्यावर अतिबारीक चुंबकी ठिपके असतात. कुणाचं तोंड एका बाजूला, कुणाचं दुसऱ्या. ‘पाचशे रुपये जमा’ हे अशा ठिपक्यांच्या रांगेत लिहिलेलं असतं. वीज गेली तरी ठिपका तोंड फिरवत नाही.

मग वाचायचं कसं? तबकडीच्या अगदी जवळून वाचणारं टोक फिरतं. त्यात दोन चुंबकी पापुद्रे असतात आणि मधे ऑक्साइडची भिंत. विळ्यावरचा गंज हे लोखंडाचं ऑक्साइड, तसं इथे मॅग्नेशियमचं. त्यातून एरवी वीज वाहत नाही. पण केसाच्या जाडीचे ५०,००० भाग केले तर त्यातल्या एखाद्याएवढी ही भिंत पातळ! विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, लाटेसारखेही वागतात. त्यामुळे भिंतीला भोक नसतानाही काही कण पलीकडे पोचतात. याला टनेलिंग म्हणतात.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हाही एक चिमुकला चुंबक असतो, ‘वर’चा किंवा ‘खाली’चा. पंगतीचं उदाहरण घ्या. अलीकडून बायका जास्त आल्या आणि पलीकडे बायकांचीच पानं जास्त मांडली असतील, तर सगळ्या पटापट बसतात. पानं पुरुषांचीच जास्त असतील, तर रांग तुंबते. दोन्ही पापुद्र्यांची तोंडं एका दिशेला असली की वीज जास्त जाते, उलट असली की कमी. एक पापुद्रा स्थिर असतो, दुसरा खालच्या ठिपक्याप्रमाणे वळतो. वीज किती गेली यावरून नोंद वाचली जाते.

१९९५ मध्ये अमेरिकेत जगदीश मूडेरा यांच्या गटाने ॲल्युमिनियम ऑक्साइडची भिंत घेऊन हा फरक नेहमीच्या तापमानालाही मोठा दाखवला. २००४ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडने तो कितीतरी वाढला. २००५ मध्ये जपानमध्ये अश्विन तुळपुरकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा जोडातून वेगाने उलटसुलट होणारी वीज सोडली तर एकाच दिशेचा विद्युत दाब मिळतो. तुळपुरकर पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. टाइप केलेली पण सेव्ह न केलेली नोंद विजेवर चालणाऱ्या रॅममध्ये असते. वीज गेली की तीही जाते. याच चुंबकी जोडांपासून एमरॅम नावाची, वीज गेली तरी न विसरणारी मेमरी तयार होते. ती आपल्या कार्यालयांत सर्रास येईपर्यंत सवय आपणच लावायची.

गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर प्रत्येक नोंदीनंतर सेव्ह करा. डिस्क पडून बिघडू शकते, म्हणून दुसरी प्रत ठेवा. बँकेतून निघण्यापूर्वी पासबुकात नोंद करून घ्या आणि रजिस्टरशी ताडून पाहा. चुंबक लिहिलेलं जपतो, पण लिहिलेलं बरोबर आहे का, हे आपणच पाहायचं असतं.