जुन्या मोटारीचे पॅकिंग : काटकसर कोठे करावी?

जुन्या मोटारीचे इंजिन उघडले की मिस्त्री मालकाच्या हाती सामानाची यादी देतो. तीत गॅस्केट असतेच. मिस्त्री त्यास पॅकिंग म्हणतात. गाडीचीच किंमत थोडी उरलेली, तेव्हा पॅकिंगही स्वस्तातले घ्यावे असे वाटणे साहजिक आहे. तसे ते घेता येते, पण सर्वच ठिकाणी नव्हे.

उदाहरणादाखल मारुती ८०० घेऊ. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ साली उत्पादन थांबलेल्या या गाडीच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. या दोन विजोड धातूंच्या मध्ये जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे हेड गॅस्केट बसते. जळता वायू, पाणी आणि तेल या तिघांस परस्परांपासून दूर ठेवणे हे त्याचे काम. ते फुटले की पाणी तेलात उतरते, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाचा साका दिसू लागतो, आणि गाडी तशीच हाकली तर बेअरिंगे जातात. शिवाय हेड पुन्हा उघडण्याची मजुरी गॅस्केटच्या किमतीहून किती तरी अधिक. येथे काटकसर नको. मात्र मोटार-कंपनीच्याच वेष्टनातले हवे असे नाही. गॅस्केट बनविणाऱ्या नामांकित देशी कारखान्यांचा माल त्याहून कमी दराने मिळतो. दुकानात खिळ्यावर टांगलेले, मुडपलेले गॅस्केट मात्र फुकटही घेऊ नये.

काटकसरीची जागा निराळी आहे. केवळ हेडच उघडले असेल, तर साऱ्या इंजिनाचा संच कशास? फक्त हेडचा संच घ्यावा. टॅपेट कव्हर किंवा तेलाचे चेंबर यांचे पॅकिंग साध्या दर्जाचे चालते. पाझरलेच, तर डाग डोळ्यांना दिसतो आणि पुन्हा बदलता येते. पाण्याच्या पंपाचे पॅकिंग तर हुशार मिस्त्री चांगल्या गॅस्केट-कागदातून कापूनही देतो. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंप यांच्या बाबतीत तेवढी सावधगिरी हवी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या पद्धतीचे बूच व रबर फुगते वा ठिसूळ होते. इथेनॉल सोसणारा माल मुद्दाम मागून घ्यावा.

आणखी एक गोष्ट मालक सहसा विचारीत नाहीत : हेड सपाट आहे काय? इंजिन एकदा अति तापले की ॲल्युमिनियम वाकते. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून फीलर गेजने फट पाहावी, ती ०.०५ मिलिमीटरहून अधिक भरली, तर हेड यंत्रावर घासून घेतल्यावाचून उत्तमातले उत्तम गॅस्केटही टिकावयाचे नाही. पोलादी पत्र्यांच्या थरांचे आधुनिक गॅस्केट अशा जुन्या, किंचित खरखरीत पृष्ठभागास मानवत नाही. ग्राफाइटचे अधिक सोशीक असते. आणि इंजिन तापलेच का, तेही शोधावे. रेडिएटर तुंबलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असेल, तर नवे गॅस्केट जुन्याच्याच वाटेने जाईल.

जुने पॅकिंग खरवडताना ते ओले करून घ्यावे, कारण पूर्वीच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. बोल्ट मात्र अंदाजाने आवळू देऊ नयेत. इंजिन थंड असताना, मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. मिस्त्रीपाशी तो पाना नसेल, तर तासाभरापुरता मागून आणावयास सांगावे.