शिंका गोल्डन रॉडच्या नव्हेत

गडमुडशिंगी गावातल्या परड्यात काय असतं ते सगळ्यांना पाठ आहे. जास्वंद, तगर, शेवंती, कढीपत्ता, आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ. या मंडळींत गोल्डन रॉड तसा नवखा. लग्नाच्या स्टेजवर नि सत्काराच्या गुच्छात गुलाब-जरबेराच्या मागं बारीक पिवळ्या तुऱ्यांचा जो भरणा दिसतो, तोच हा. मूळचा मुख्यतः उत्तर अमेरिकेचा, पण इथल्या उन्हात उत्तम रमतो. गेली काही वर्षं मी त्याचे फुटवे ओळखीच्यांना वाटते आहे आणि दर तिसऱ्या घरी तेच ऐकते आहे. ‘नको बाई, पोराला दमा हाय. त्या पिवळ्या फुलाची पावडर नाकात जाती.’

हा समज आपल्याकडं उगवलेला नाही. अमेरिकेत गोल्डन रॉड फुलतो त्याच दिवसांत रॅगवीड नावाचं एक तण फुलतं. त्याची फुलं हिरवट, नजरेत न भरणारी. परागकण मात्र हलके आणि मुबलक, वाऱ्याबरोबर दूरवर जाणारे. लोक शिंकायला लागले की आजूबाजूला बघायचे, आणि डोळ्यांत भरायचा तो पिवळाधमक गोल्डन रॉड. आळ त्याच्यावर आला.

प्रत्यक्षात त्याचे परागकण जड आणि चिकट असतात. ते माशीच्या पायाला चिकटून जातात, हवेत फारसे तरंगत नाहीत. आपल्या शेतकऱ्याला हे पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. मक्याचा तुरा बघा, ज्वारीचं कणीस बघा, उसाचा तुरा बघा. वाऱ्याच्या भरवशावर असलेलं झाड रंग नि मध यांवर खर्च करत नाही. ज्याला माशी हवी, तेच झाड असं नटतं. फुललेल्या तुऱ्याखाली काळा कागद धरून हलकं टिचकवा. जे काही पडेल ते तिथंच पडेल.

मग आपल्या शिंका कुठून येतात? धूळ, धूर, गवतांचे पराग अशी कारणं अनेक आहेत, आणि नेमकं कारण डॉक्टरांकडूनच कळावं. पण गावात फिरताना मला ज्याची काळजी वाटते ते गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते पसरलं असं मानलं जातं. आज रिकामा प्लॉट, रस्त्याची कड, बांध, कुठंही ते आहे. एका झाडाला हजारो बिया धरतात. त्याच्या स्पर्शानं कातडीला खाज, पुरळ, चट्टे येतात, आणि परागानं नाक-घसा-दमा बिघडू शकतो. ज्या घरानं माझा गोल्डन रॉड नाकारला, त्याच घराच्या भिंतीला लागून कमरेएवढं काँग्रेस गवत पांढरं फुललं होतं. ते फुलायच्या आधी, पावसानं माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायला हवं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाजर गवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि गोल्डन रॉड ही सगळी एकाच कुळातली. ज्यांना गाजर गवतानं किंवा शेवंती खुडताना हातावर पुरळ उठतं, त्यांना गोल्डन रॉडच्या चिकानंही तसं होऊ शकतं. अशांनी मोजे घालूनच छाटणी करावी, किंवा हे झाड लावूच नये. ‘परागानं दमा’ आणि ‘स्पर्शानं खाज’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच माझं म्हणणं.

‘ही आपली सोनकीच की!’ असंही बरेच जण म्हणतात. नव्हे. सोनकी सह्याद्रीच्या पठारांची. पावसाळा सरताना फुलते, तिचं आयुष्य एका हंगामाचं, आणि फूल सुटं, पाकळ्या दिसतील असं. गोल्डन रॉडची फुलं मोहरीएवढी, शेकड्यांनी एका झुकलेल्या तुऱ्यावर, आणि झाड वर्षानुवर्षं टिकणारं. आवडली म्हणून कास पठारावरून सोनकी उपटून आणू नका. २०१२पासून ते पठार जागतिक वारशाचा भाग आहे, आणि सोनकी परड्यात जगतही नाही.

आता लागवड. इथं वेगळाच गैरसमज दिसतो. उसाला भरभरून खत घालणारा हात फुलझाडालाही तसंच खत घालतो. युरियाची मूठ पडली की गोल्डन रॉड वाढतो खरा, पण लुसलुशीत, लांबट होतो आणि पहिल्या वळवात आडवा पडतो. मावाही अशाच कोवळ्या फुटीवर येतो. लावताना खड्ड्यात कुजलेलं शेणखत आणि छाटणीनंतर ओंजळभर गांडूळखत एवढं पुष्कळ झालं.

खरा शत्रू म्हणजे साचलेलं पाणी. काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टचं पाणी मुळाशी थांबलं की ठोंब कुजतो. म्हणून सपाट वाफ्यात लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा, मातीत थोडी वाळू किंवा मुरूम मिसळा, आणि जोराचा पाऊस ओसरल्यावर मुळं धरलेले फुटवे फूटभर अंतरानं लावा. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. उन्हाळ्यात बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा थर द्या, पाणी कमी लागतं. फक्त पाचट खोडाला टेकवू नका, वाळवीवर लक्ष ठेवा.

‘याच्यावर तांबेरा पडला तर माझ्या उसावर येईल का?’ हा प्रश्न मला एका शेतकऱ्यानं विचारला होता, आणि प्रश्न रास्त आहे. येत नाही. उसाचा तांबेरा वेगळ्या बुरशीचा, गोल्डन रॉडचा वेगळ्या. एकीला दुसरीचं झाड चालत नाही. डाग पडलेली पानं काढून नष्ट करा, झाडं विरळ करा, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या.

फूल येत नाही म्हटलं की लोक पुन्हा खताकडं वळतात. आधी रात्री झाडावर दिव्याचा उजेड पडतो का ते बघावं. लांब दिवसांत गोल्डन रॉडचा दांडा वाढतो, आणि दिवस लहान झाले की तो फुलाला लागतो. आपल्याकडं जूनअखेर दिवस साधारण १३ तासांचा, डिसेंबरात ११च्या आसपास. पण झाडाच्या डोक्यावर रात्रभर व्हरांड्याचा बल्ब असला तर दिवस लहान झाल्याचं त्याला कळतच नाही. व्यापारी लागवडीत दांडे लांब मिळावेत म्हणून रात्री मुद्दाम दिवे लावतात, ते याच गुणामुळं. ठोंब दिवसा ऊन पण रात्री अंधार असेल अशा जागी हलवा, नाहीतर बल्ब बंद ठेवा.

फुलं ओसरली की झाड संपलं असं समजून उपटणारेही भेटले. ऊसकऱ्यांना खोडवा समजावून सांगावा लागत नाही, तर मग इथं तोच नियम लावायचा. दांडे जमिनीलगत कापा, खत-पाणी द्या, नवे फुटवे येतात. दोन-तीन वर्षांनी ठोंब मधोमध विरळ पडतो, तेव्हा उकरून कडेचे जोमदार फुटवे वेगळे लावा.

उरलेल्या फुटव्यांचं काय करायचं, याबद्दल मी आग्रही आहे. ‘एवढंसं फुलझाड, ते काय पसरणार’ हे म्हणणं चीन, जपान आणि युरोपात महागात पडलं आहे. कॅनडाचा गोल्डन रॉड तिथं जमिनीखालच्या मुळखोडांनी आणि वाऱ्यावर उडणाऱ्या बियांनी रानोमाळ पसरला आणि स्थानिक झाडांना दाबू लागला. एका परदेशी तणानं आपण आधीच हैराण आहोत. म्हणून जास्तीचे फुटवे ओढ्याकाठी किंवा गायरानात टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवा, मगच कंपोस्टात घाला. फुलं करडी पडायला लागली की बी धरायच्या आत तुरे कापा.

तेवढं पथ्य पाळलं तर माश्यांना मात्र हे झाड मोठा आधार देतं. चहूकडं ऊसच ऊस असला की फुलोरी आणि सातेरी मधमाश्यांना मध कुठून मिळणार? माझ्या वाफ्यावर सकाळी उन्हं आली की गुणगुण सुरू होते. पोरांना चावतील ही भीती नको. फुलावर कामात गुंतलेली माशी हात मारल्याशिवाय किंवा चिरडल्याशिवाय सहसा डंख मारत नाही.

गुच्छात भरणा करण्यापलीकडं हे निरुपयोगी, असं म्हणणाऱ्यांना थॉमस एडिसनचं उदाहरण सांगते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९३१मध्ये जाईपर्यंत, अमेरिकेतच रबर मिळवण्यासाठी त्यानं हजारो वनस्पती तपासल्या आणि गोल्डन रॉड निवडला. त्याच्या पानांत खरोखरच रबर असतं.

घरात ठेवायला दांडे सकाळी लवकर कापा, तुऱ्यावरची निम्मी फुलं उमललेली असताना. पाण्याखाली येणारी पानं काढा, एक दिवसाआड पाणी बदला, आठवडाभर टिकतात. वाळवायचे असतील तर थोडे आधी कापून माळ्यावर अंधारात उलटे टांगा. दिवाळीत कापलेली माझी जुडी शिमग्यापर्यंत पिवळीच होती.