मॅट की ग्लॉस? शेडबरोबर ‘फिनिश’ही ठरवा

घर रंगवायचे ठरले की शेडकार्डवर घरभर चर्चा होते. फिनिश मात्र पेंटरवर सोडले जाते. काही महिन्यांत गॅसमागची भिंत तेलकट होते आणि पुसायला गेले की रंगच निघतो. चूक शेडची नसते, फिनिशची असते.

रंगात रंगद्रव्याच्या तुलनेत रेझिन जास्त असेल तर चमक जास्त येते. चमकदार थर गुळगुळीत असल्याने डाग सहज पुसले जातात. पण त्यावर उजेड पडला की पुट्टीतले उंचवटेही उठून दिसतात. मॅट हे दोष झाकते, मात्र घासले की त्यावर चट्टे पडतात.

कुठे काय निवडाल?

● छत : मॅट
● हॉल, बेडरूम : भिंत उंचसखल असेल तर मॅट, सपाट असेल तर सॅटिन
● मुलांची खोली, पॅसेज : सॅटिन
● स्वयंपाकघर, बाथरूममध्ये टाइल्सच्या वर : सेमी-ग्लॉस
● दारे, ग्रिल : ग्लॉस ऑइल पेंट

भिंतीला ओल असेल तर कोणतेच फिनिश टिकत नाही. आधी गळती थांबवा, भिंत पूर्ण सुकू द्या. मग हातभर पट्टा रंगवून दिवसा आणि दिव्याच्या उजेडात पाहा. त्यानंतरच डबे आणा.